विसाचे सत्तावीस

क्लाक्सविकच्या बंदरामागे लोकरीचं दुकान आहे.
त्याच्या मागच्या खोलीत, दर गुरुवारी संध्याकाळी,
अकरा बायका आणि मी.

मला खुर्ची दिली ती दाराजवळची.
पळून जायचं झालं तर बरी, सुन्नुवा म्हणाली,
आणि सगळ्या हसल्या, सुयांची टकटक न थांबवता.

विणणं मला नवं नाही, मी सांगून पाहिलं.
चाळीस वर्षं जाळी विणली,
फाटली ती डेकवरच सांधली, गारठ्यात,
आपली बोटं आपल्याला न कळता.
"ती गाठ," मार्यून म्हणाली. "गाठ धरून ठेवते.
इथे काही बांधायचं नसतं.
एका फासातून दुसरा ओढायचा
आणि पहिल्याला जाऊ द्यायचं."

मार्यून ब्याऐंशी वर्षांची, चष्मा कपाळावर.
ती माझ्याकडे पाहत नाही, हातांकडे पाहते.
डाव्या हाताची दोन बोटं विंचने नेली
गेल्या फेब्रुवारीत.
डॉक्टरांनी चौदा टाके घातले, दहा दिवसांनी काढले,
म्हणाले, हात हलता ठेवा,
काहीतरी बारीक काम करा.
टाके घालायचे, टाके काढायचे.
तेच काम निघेल असं तेव्हा वाटलं नव्हतं.

पहिल्या दिवशी वीस घातले. मोठ्याने मोजून.
लोकर मेंढीच्याच रंगाची, तेलकट,
पावसात उभ्या मेंढीचा वास अजून तिच्यात.
सुई आत, धागा वरून, ओढ, ढकल.
मी इतकं आवळायचो की टाका सुईवर रुतून बसायचा.
"वादळ नाहीये," सुन्नुवा म्हणाली,
"दोर सैल सोड."

तिसऱ्या गुरुवारपर्यंत तुकडा वितभर झाला,
पण सरळ वाढेना. कडांनी रुंदावत गेला,
टेबलावर पाकटासारखा पसरला.
मोजले. सत्तावीस.
पुन्हा मोजले. सत्तावीस.
मी घातले नव्हते. कुणीच नाही.
सात टाके न बोलावता येऊन बसले होते ओळीत.

बायका हसल्या. मीही हसणार होतो,
पण मला मोजणी माहीत आहे ती धक्क्यावरची.
सात जण गेलो होतो. कप्तानाने मोजलं, सहा.
पुन्हा मोजलं, सहा.
मग दुसऱ्या टोकापासून मोजलं,
जणू त्या बाजूने ब्रांदुर सापडला असता.
त्याची बायको चारचाकीत बसून होती,
इंजिन चालू, हीटर चालू.

यातलं मार्यूनला मी काही सांगितलं नाही.
ती म्हणाली, "धागा पुढे राहतो तुझा,
म्हणून नसलेला टाका तयार होतो. उसव."

तीन गुरुवार उसवायला एक मिनिटही लागलं नाही.
धागा निघाला तो नागमोडी,
सुटलेल्या प्रत्येक टाक्याचं वळण अंगावर घेऊन.
"भिजव. खाली वजन लावून टांग," ती म्हणाली.
"विसरतो मग."
घरी न्हाणीत टांगला, गळाच्या दोरीचं शिसं बांधून.
रात्रभर थेंब पडत होते.
सकाळी सरळ झाला होता. बराचसा.

पुन्हा वीस.
सहाव्या ओळीत एक टाका निसटला,
आणि शिडी उतरावी तसा पायरी पायरी
खाली चालला.
मी ओरडलोच. खोली गप्प झाली.
मार्यूनने एप्रनच्या खिशातून इवलासा आकडा काढला,
गळासारखाच, पण धार नसलेला.
खालून घातला, अडकवला,
एकेक पायरी वर आणत सुईवर बसवला.
"फार खोल नव्हता गेला," म्हणाली,
आणि स्वतःच्या मोज्याकडे वळली.

मी बराच वेळ त्या टाक्याकडे बघत होतो.
शेजारच्यांपेक्षा थोडा ढिला,
एवढाच फरक.

आज ओळ संपल्यावर मोजले. एकवीस.
कुणाला सांगितलं नाही, उसवलंही नाही.
सुन्नुवाने कॉफी आणली
आणि विचारलं, हे होणार काय आहे शेवटी?
मफलर, मी म्हणालो. बहुतेक.